खोकं उघडलंत का?

दसरा-दिवाळीचे सेल संपतात, हप्ते सुरू होतात आणि संक्रांतीच्या आसपास माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी बिल्डर, विमा कंपनी, गॅरेजवाला यांच्याशी झालेली भांडणं असतात. या दिवसांत मात्र लोक स्वतःशीच भांडत असतात. ‘घेतलं ते चुकलंच’ हे वाक्य या वेळी अकरा पत्रांत आहे. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, मजकूर थोडा आवरता घेतला आहे.

नव्या वाचकांसाठी सांगते. लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानात मी २६ वर्षं काउंटरला होते. गेली नऊ वर्षं दर गुरुवारी एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसते. घेतलेली वस्तू छातीशी धरून, मान खाली घालून परत आलेली माणसं मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. त्यामुळे कोणी कितीही संकोचून लिहिलं तरी ते पत्र मी मनापासून वाचते.

प्रश्न : ताई, दसऱ्याच्या सेलमध्ये मी २३,४९९ रुपयांची ट्रेडमिल घेतली. यजमानांची तीन महिन्यांची शुगर ७.८ आली होती, मी घाबरून गेले होते. रात्री पावणेबाराला स्क्रीनवर घड्याळ उलटं पळत होतं, ‘ऑफर संपायला १४ मिनिटं’. नऊ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय, महिना २,६११. हे पहिले सहा दिवस चालले, मग गुडघा दुखायला लागला. आता तिच्यावर मुलांचे गणवेश वाळत असतात. परत करायची मुदत सात दिवसांची होती. ‘उद्यापासून परत सुरू करतील’ म्हणत मी ती घालवली. सोसायटीतले एक जण ११,००० द्यायला तयार आहेत, पण साडेतेवीस हजारांची वस्तू अकराला द्यायचा जीव होत नाही. त्यात अॅप उघडलं की तीच ट्रेडमिल दिसते, आता १९,९९९ ला. खरं दुखणं तर सांगितलंच नाही. यजमानांना मी किंमत १२,००० सांगितली आहे. विकायची म्हटलं की ते म्हणतील, ‘हजाराचंच तर नुकसान आहे, देऊन टाक’ आणि मला रडू आवरणार नाही. काय करू? — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आधी किंमत सांगा. आज रात्रीच, मुलं झोपली की. ट्रेडमिलचं काय करायचं ते उद्या ठरवता येईल.

एवढ्या घाईने का सांगते, ते ऐका. दुकानात वर्षाकाठी दहा-बारा तरी बायका हळूच म्हणायच्या, ‘ताई, बिल जरा कमीचं करून द्या ना, घरी दाखवायचंय.’ मालक तसं बिल कधी देत नसत. मग त्या खरं बिल दुकानातच टाकून जायच्या. एकीने १,८०० ची नारायणपेठ नेली आणि घरी ६०० सांगितली. पहिल्याच धुण्यात काठाचा रंग अंगात उतरला. तशी साडी आमच्याकडे विनातक्रार बदलून मिळायची, पण त्या आल्याच नाहीत. दोन वर्षांनी मंडईत भेटल्या तेव्हा मी विचारलं. म्हणाल्या, ‘सासूबाई म्हणाल्या, सहाशे रुपड्यांसाठी कशाला बस बदलत जातेस? मग मी काय बोलणार!’ त्या साडीचे पैसे रंगाने खाल्ले असं त्यांना वाटत होतं. मला विचाराल तर ते त्या खोट्या सहाशेने खाल्ले.

तुमच्या सात दिवसांचंही हेच झालं आहे. घरात खरी रक्कम माहीत असती तर सहाव्या दिवशी गुडघा धरून बसलेले यजमानच म्हणाले असते, ‘अगं, साडेतेवीस हजार आहेत, आजच काय ते ठरवू.’ बारा हजारांसाठी तेवढी निकड त्यांना वाटली नाही. आणि तुम्हाला ती वाटत होती, पण बोलून दाखवता येत नव्हती.

आता आकडे. चार हप्ते गेले, म्हणजे १०,४४४. उरले पाच, म्हणजे १३,०५५. उरलेली रक्कमच तुम्ही सांगितलेल्या किमतीहून जास्त आहे, तेव्हा हे गुपित जूनपर्यंत दर महिन्याला तुम्हाला टोचणार. ते १३,०५५ तुम्हाला ट्रेडमिल विकली तरी भरायचे आहेत, ठेवली तरी भरायचे आहेत. म्हणून त्यांना या हिशोबातून बाजूला काढा. मग प्रश्न एवढाच उरतो, की आज तुम्हाला हॉलमधली ट्रेडमिल हवी का अकरा हजार रुपये. मी काउंटरवर अडलेल्या गिऱ्हाइकाला उलटं विचारायची. समजा तुमच्या हातात आज अकरा हजार आहेत आणि शेजारी हीच वापरलेली ट्रेडमिल विकतोय. तुम्ही घ्याल? तुमच्या पत्रातून तर मला ‘नाही’ असंच ऐकू येतं. मग द्या विकून. ट्रेडमिलचा वापरलेला भाव महिन्यागणिक उतरतो आणि सोसायटीतलं गिऱ्हाईक म्हणजे टेम्पोचा खर्चही नाही. सोबत मूळ बिल आणि वॉरंटीचं कार्ड द्या, पट्टा चालवून दाखवा, गुडघ्याचं कारणही मोकळेपणाने सांगा.

विकण्याआधी एकच गोष्ट करा. गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ते म्हणाले की कमी वेगाने चालायला हरकत नाही आणि यजमानांनाही इच्छा आहे, तर निर्णय बदला. नाहीतर तुमच्यापासून तळजाई टेकडी हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी सहाला तिथे पंच्याहत्तरीतली माणसंही आपल्या बेताने फिरत असतात.

त्या ‘नो कॉस्ट’बद्दल थोडं बोलते, कारण अकरापैकी चार पत्रांत तो शब्द आहे. कार्डाचं स्टेटमेंट काढून बघा. त्यात व्याज लावलेलं दिसेल. विक्रीच्या वेळी तेवढीच सूट देऊन ते भागवलेलं असतं, म्हणून ते जाणवत नाही. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जाते, आणि वस्तू परत केली तरी ती फी सहसा परत येत नाही. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्ट शब्दांत बजावलं होतं. उरलेले हप्ते एकदम फेडायचा विचार असेल तर मुदतपूर्व फेडीचं शुल्क किती, हे बँकेला आधी विचारा.

आणि ते १९,९९९. १९५६ साली अमेरिकेत जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही स्त्रियांना घरगुती वापराच्या आठ वस्तू दाखवून त्यांना गुण द्यायला सांगितलं. मग त्यातल्या दोनांपैकी एक भेट म्हणून निवडायला लावली आणि पुन्हा गुण विचारले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले होते, सोडलेल्या वस्तूचे उतरले होते. हा प्रयोग मी निवृत्तीनंतर वाचला आणि मला आमचं काउंटर आठवलं. मोरपंखी की आमसुली यावर तासभर अडलेली बाई मोरपंखी घेऊन पायरी उतरता उतरता सोबतच्या बहिणीला म्हणायची, ‘आमसुली जरा भडकच होती, नाही?’ मन असं स्वतःची समजूत काढतं, आणि ते चांगलंच आहे. पण ते साधतं, कारण आमसुली मागे दुकानात राहते. अॅप ती तुमच्या मागोमाग घरी आणतं, रोज नवा भाव लावून समोर धरतं. मनाला समजूत काढायला उसंतच मिळत नाही. तेव्हा त्या अॅपच्या सूचना बंद करा आणि पाहिलेल्या वस्तूंच्या यादीतून ट्रेडमिल काढून टाका. किंमत उतरल्याचं कळून आता तुम्हाला काहीही करता येणार नाही.

घड्याळाचं राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं असतंत तर तेच घड्याळ पुन्हा पळताना दिसलं असतं का, हे आता कळायला मार्ग नाही. पण अशी खोटी घाई लावायला सरकारने २०२३ मध्ये मनाई केली आहे. त्याबद्दल खाली एका पत्राच्या उत्तरात आहे.

प्रश्न : लेकीच्या डोहाळजेवणासाठी एका सोशल मीडियावरच्या पेजवरून ‘हातमागाची अस्सल येवला पैठणी’ मागवली. ४,२०० रुपये यूपीआयने आधीच भरले. साडी आली, पदर उलटा केला तर मागे सगळे धागेच धागे. त्यांना लिहिलं तर उत्तर आलं, ‘घडी मोडलेली साडी परत घेत नाही’ आणि नंतर मला ब्लॉक केलं. एवढ्या साड्या नेसले, मलाच कळायला हवं होतं. घरी कोणाला सांगितलेलं नाही. — एक आई, कोथरूड

उत्तर : हे पत्र मी चुकलेल्या खरेदीच्या गठ्ठ्यातून बाहेर काढलं आहे. वस्तू नीट आहे पण मन बदललं, याला पश्चात्ताप म्हणतात. तुम्हाला सांगितली एक आणि दिली दुसरी, ही फसवणूक आहे. तिची लाज तुम्ही का बाळगायची?

पदर उलटा केलात, हे अगदी बरोबर केलंत. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात तेच शिकवायचे. हातमागावरच्या पैठणीत नक्षीचे रंगीत धागे विणकर हाताने एकमेकांत अडकवत जातो, म्हणून मोर किंवा आसावलीची वेल मागून पुढून जवळपास सारखीच दिसते. यंत्रावर धागा नक्षीच्या मागून आडवा पळतो, मग तो कापतात किंवा तसाच लोंबता ठेवतात. बोट फिरवलं की कळतं. यंत्रावरच्या साडीत वाईट काहीच नाही, मी स्वतः नेसते, पण ती यंत्रावरची म्हणून विकली पाहिजे. हातमागावर एक साडी उतरायला कित्येक आठवडे जातात, पदर भरगच्च असेल तर महिने. रेशीम, जर आणि तेवढे दिवस बसणाऱ्या माणसाची मजुरी ४,२०० मध्ये बसत नाही. ही गोष्ट मी दर लग्नसराईत लिहिते, पुन्हा लिहिली.

आता कामाला लागा. जाहिरातीत ‘हातमाग’ शब्द होता त्याचा स्क्रीनशॉट नसेल तर मुलीच्या किंवा शेजारणीच्या फोनवरून ते पेज उघडून लगेच घ्या, कारण अशी पेजेस नाव बदलतात. पदराचे दोन्ही बाजूंनी, दिवसाउजेडी फोटो काढा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आणि ब्लॉक होण्याआधीचं संभाषण एकत्र ठेवा. पार्सलची पिशवी फेकली नसेल अशी आशा करते. वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हे ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांतच आहे. घडी मोडल्याचं कारण इथे चालत नाही. घडी मोडल्याशिवाय पदराची मागची बाजू दिसणार कशी?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. विक्रेता बनावटच आहे असं दिसलं तर सायबर फसवणुकीसाठी १९३० आहे, तिथे जितक्या लवकर कळवाल तितकं बरं. एवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता सुरतचा असो की बनारसचा, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे पुण्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरता येतो. मुदत दोन वर्षांची आहे, पण एवढ्यासाठी दोन महिनेही थांबू नका.

आणि लेकीला सांगा. डोहाळजेवणाला तीच साडी नेसायची वेळ आली, तर ती कशी आली हे तिला माहीत असू दे.

प्रश्न : ताई, मी हिंगोली जिल्ह्यातला. दोन वर्षांपासून नवी पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. खोलीत चौघं आहेत, खाली रस्ता आहे, म्हणून आवाज बंद करणारे हेडफोन घेतले, ६,७९९ चे, ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’ वर. पाच तारखेला पैसे जाणार. वडील महिन्याला सात हजार पाठवतात. या वर्षी सोयाबीनला भाव नाही. हेडफोन चांगले आहेत, काल पहिल्यांदा सलग चार तास बसलो. पण ते कानावर घातले की वडिलांचा चेहरा समोर येतो. परत करायला गेलो तर ‘फक्त बदलून मिळेल’ असं येतं. रूममेट म्हणतो, एका कानात आवाज येत नाही असं टाक. काय करू? — विद्यार्थी, वय २३

उत्तर : माझ्या मोठ्या नातवापेक्षा तू थोडासाच मोठा, म्हणून ‘तू’ म्हणते.

रूममेटचं ऐकू नकोस. खोटं लिहायचं नाही हे तर आहेच, शिवाय अट ‘फक्त बदलून मिळेल’ अशी आहे. म्हणजे एवढं खोटं बोलून तुला दुसरे तसलेच हेडफोन मिळतील, पैसे मिळणारच नाहीत.

कायदा तुला काय देतो, तेही नीट सांगते, कारण याबद्दल फार गैरसमज आहेत. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत, कारण न सांगता परत करता येते. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही. वस्तू सदोष असेल, बनावट असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यावी लागते. नुसतं मन बदललं तर तो जी मुदत आणि अट देईल तीच खरी. ती अट ऑर्डरचं बटण दाबण्याआधी त्याच पानावर बारीक अक्षरात असते. साडीच्या दुकानात आम्ही ओळखीच्या घरी चार साड्या पसंतीला द्यायचो, एक ठेवून तीन परत यायच्या. फॉल-पिको व्हायच्या आत दुसऱ्या दिवशी बदलून न्या, असंही सांगायचो. ती दुकानाची रीत होती, कायदा नव्हता. ऑनलाइनही तसंच धरून चाल.

पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला तरी त्यात वस्तूचा पश्चात्ताप कुठे दिसला नाही. चार तास सलग बसलास, हे तूच लिहिलं आहेस. हेडफोन त्यांचं काम करताहेत. तुला छळतंय ते वडिलांना न विचारल्याचं. हेडफोन मित्राला पाच हजारांना विकलेस तर अठराशे रुपये जातील, चार तासांची बैठक जाईल आणि वडिलांना न सांगितलेलं तसंच राहील. म्हणून माझं मत, ठेव ते. आणि आज संध्याकाळी ते रानातून घरी आले की फोन कर. ‘बाबा, अभ्यासासाठी सहा हजार आठशेची वस्तू घेतली, तुम्हाला न विचारता घेतली, पैसे पाच तारखेला जाणार आहेत’ एवढंच सांग. ते रागावतील कदाचित. शेतात ज्याने दर हंगामात बी-बियाण्यावर पैसे लावले आहेत, त्याला अवजाराचा खर्च समजतो. त्याला न कळवलेला खर्च मात्र लागतो.

पैशाचं बघ. ‘नंतर पैसे द्या’ हे गोड नावाचं कर्ज आहे. अॅपमध्ये करारनामा उघड, त्यात कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं नाव सापडेल. पाच तारीख चुकली तर दंड लागतो आणि बहुतेक वेळा तशी नोंद क्रेडिट अहवालात जाते. ‘हप्ते करून घ्या’ असा मेसेज आला तर त्याला हो म्हणू नकोस, तिथून व्याज सुरू होतं. अशा डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडायची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. ती मुदत किती, हेही त्याच करारात बघ. पैसे कमी पडत असतील तर मेसवाल्या मावशींना आधीच सांग, की या महिन्याचे दहा दिवस उशिरा देतो. पेठेतल्या मेस चालवणाऱ्या बायका मी ओळखते. तारखेनंतर तोंड लपवणाऱ्या मुलावर त्या चिडतात, आधी सांगणाऱ्याला ताट वाढतात.

प्रश्न : रक्तदाब मोजायचं यंत्र मागवलं. बिलात यंत्राशिवाय ४९ रुपयांची कसलीशी ‘संरक्षण योजना’ निघाली. मी ती निवडली नव्हती. नातवाने दाखवलं, आधीच टिक केलेली होती. ४९ रुपयांसाठी तक्रार करावी का? लोक काय म्हणतील? — वय ७२, चिंचवड

उत्तर : करा. तुम्ही मला ताई म्हणून पत्र लिहिलंत, पण वयाने तुम्ही मोठे. १९७४ साली याच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली तेव्हा तुम्ही विशीत असाल. ती चळवळ अशाच बारीकसारीक रकमांवर उभी राहिली. मापात पाच-दहा ग्रॅम मारणाऱ्या दुकानदाराला जाब विचारायला लोक तेव्हाही लाजायचे.

आधीच टिक केलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती धरायची नाही, हे २०२० च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अशा फसव्या मांडणीचे १३ प्रकार मनाईच्या यादीत घातले. न विचारता टोपलीत माल सरकवणं हा त्यातला एक, ‘शेवटचे दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई लावणं हा दुसरा, आणि सहज सुरू होणारी पण काही केल्या बंद न होणारी वर्गणी हा तिसरा. ही तुमची योजना दर वर्षी आपोआप नवी होणारी तर नाही ना, तेही नातवाला बघायला सांगा. भाजीवाल्याने न मागता जुडी पिशवीत टाकून पैसे लावले असते तर तुम्ही तिथल्या तिथे काढून ठेवली असतीत. इथेही तेच करायचं आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क अॅपवर देणं बंधनकारक आहे. त्यांना लेखी कळवा. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण व्हायला हवं. नाही झालं तर १९१५.

प्रश्न : माझी सून बँकेत आहे, स्वभावाने गुणी. गेले वर्षभर ती ऑनलाइन मागवलेली पार्सलं समोरच्या फ्लॅटमध्ये ठेवायला सांगते आणि मी झोपल्यावर आत आणते. समोरच्या बाईंनीच मला सांगितलं. काही खोकी तिच्या कपाटाच्या वर तशीच बंद पडून आहेत. पैसे तिचे आहेत, मला त्याबद्दल बोलायचं नाही. पण तिला माझी एवढी भीती का वाटावी, या विचाराने झोप लागत नाही. मला कळलंय हे तिला सांगू का? — सासूबाई, हडपसर

उत्तर : तुमच्या पत्राने मला माझंच एक खोकं आठवलं.

यजमान गेले त्या वर्षी मी रात्री-बेरात्री फोन बघत बसायची. एके रात्री दोन वाजता शिलाई मशीन मागवलं, ९,२०० चं. शिवणकाम मला येतं, वेळ होता, सगळं खरं. पण सकाळी उठले आणि वाटलं, माणूस जाऊन चार महिने नाही झाले आणि ही बाई खरेदी करत बसली आहे, असं मुलाला वाटेल. मशीन आलं ते पलंगाखाली सरकवलं आणि वरून चादर ओढली. पाच महिने ते तिथे होतं. झाडू मारताना खोक्याला लागायचा आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा यायचा. मी, जी दर गुरुवारी दुसऱ्यांना सांगत होते की वस्तू आल्या दिवशी उघडा, चालवून बघा, मुदत संपू देऊ नका.

पुढे एका दुपारी माझी सून आली, खाली बसली आणि म्हणाली, ‘आई, माझ्या ब्लाउजची एक शिवण उसवली आहे. ते पलंगाखालचं मशीन लावू या का आपण?’ मी काही बोलूच शकले नाही. आम्ही दोघींनी खोकं उघडलं. पायातलं पेडल चालत नव्हतं. परत करायचे दहा दिवस कधीच सरले होते, पण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून वर्षभराची होती, म्हणून सर्व्हिस सेंटरने पेडल बदलून दिलं. परत करायची मुदत संपली म्हणजे सगळं संपलं असं नसतं, हे तुमच्या सुनेच्या त्या बंद खोक्यांनाही लागू आहे. नंतर कळलं की मुलाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, वॉचमनने सांगितलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून तो गप्प होता आणि त्याला वाईट वाटेल म्हणून मी.

तेव्हा ‘मला कळलंय’ असं म्हणू नका. ते खरं असलं तरी कानाला आरोपासारखं लागतं आणि समोरच्या बाईंनी सांगितलं, हेही उघडं पडतं. तिला भीती तुमचीच वाटते असंही धरून चालू नका. तिच्या माहेरी कदाचित प्रत्येक खरेदीचा हिशोब द्यावा लागत असेल. बंद खोकी वरवर साठत चालली आहेत, हे मात्र मनात असू द्या. ऑफिसात किंवा जिवाला काही त्रास आहे का, हे पुढे कधीतरी सवडीने, जवळ बसून विचारा.

आत्ता एवढंच करा. रविवारी सकाळी चहा झाला की तिला म्हणा, ‘मला चांगली कात्री नि दोन उशांचे अभ्रे हवे आहेत, तुझ्या फोनवर जरा बघतेस का?’ शेजारी बसून दोघी मिळून निवडा, आणि पत्ता टाकताना सांगा, ‘आपल्याच घरी येऊ दे, मी असतेच दिवसभर.’ पार्सल आलं की ते उघडू नका. ती सहा-साडेसहाला बँकेतून येईल तोवर टेबलावर, दारातून आत आल्या आल्या दिसेल असं ठेवा.